धोक्याचा धनी

तीस वर्षं मी लोकांच्या चादरी धुतेय. रक्त, ओकारी, पू आणि जेवताना ज्यांची नावं घेऊ नयेत असे बाकीचे सगळे डाग माझ्या ओळखीचे आहेत. कुठला डाग गार पाण्यात निघतो आणि कुठला गरम पाण्यात कायमचा बसतो, हे मी नुसत्या वासावरून सांगेन. त्यामुळे मला सहसा किळस येत नाही. आली की मात्र ती जात नाही, आणि गेल्या वर्षी ती आली. आमच्या भिंतीवरच्या एका तक्त्याची, तो लावणाऱ्यांची आणि त्यासमोर माना डोलावत उभ्या राहिलेल्या सगळ्यांची. त्या सगळ्यांत पुढे मी होते.

लाँड्री आमच्या वडिलांची. ते गेल्यावर मालकी धाकट्या भावाकडे गेली आणि काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात वाटणी अशीच होते. तो वरच्या काचेच्या खोलीत बसतो, मी खाली यंत्रांच्या गरगराटात. मागच्या दाराने मळके कपडे आत येतात, निवडीच्या टेबलावर पडतात, तिथे चादरी एका बाजूला, उशांचे अभ्रे दुसऱ्या, टॉवेल तिसऱ्या अशी निवड होते. मग धुलाई, सुकवणी, इस्त्री, घड्या, आणि पुढच्या दाराने बाहेर. इतकी वर्षं हे कपडे हॉटेलांचे होते. हॉटेलची चादर म्हणजे काय, केस, बिस्किटांचा चुरा, लिपस्टिक, आणि एखादा पाहुणा आजारी पडला तर बाकीचं सगळं.

मग दोन हॉटेलं बंद पडली. भावाने ठरवलं, आता हॉस्पिटलांचं काम धरायचं. "ताई, लोक फिरायला जायचे थांबतील, आजारी पडायचे थांबणार नाहीत," तो म्हणाला. हे खरंच होतं. नव्या धंद्यात काय काय चुकू शकतं ते आधीच हेरून त्याचा बंदोबस्त करावा म्हणून त्याने एक सल्लागारही आणला. इथवर सगळं शहाणपणाचं होतं, हे मी आजही मान्य करते. वडिलांनी कधी असा विचार केला नव्हता. त्यांचा सगळा बंदोबस्त म्हणजे पाण्याच्या टाकीवर एक वीट ठेवलेली असायची, झाकण उडू नये म्हणून.

सल्लागाराने घड्यांच्या खोलीत भिंतभर तक्ता लावला. एकेक धोका एकेका चौकोनात. मोठा धोका लाल, मधला पिवळा, आटोक्यात आलेला हिरवा. हिरवा चौकोन दिसला की त्याचा चेहरा फुलायचा, आणि दर सोमवारच्या मीटिंगमध्ये तो तीच चार वाक्यं म्हणायचा, म्हणून आमच्या बॉयलरवाल्याने त्याचं नाव पोपट ठेवलं. ते इतकं चिकटलं की एकदा भावाच्या तोंडूनही निसटलं.

पोपटाने एक नियम घातला. ज्याला धोका दिसला, तो त्या धोक्याचा धनी. म्हणजे चौकोनात त्याचंच नाव लिहायचं, आणि तो धोका हिरवा होईपर्यंत त्यानेच मागे लागायचं. "नाहीतर काय होतं, लोक तक्रार करतात आणि हात झटकतात," पोपट म्हणाला. भावाला हे फार आवडलं. तक्रार न करणारी माणसं त्याला पहिल्यापासून आवडतात.

पहिल्या मीटिंगला बॉयलरवाला भाबडेपणाने बोलून गेला. वाफेच्या नळाचा एक सांधा कमजोर झालाय, कधीतरी फुटेल, असं त्याने सांगितलं. चौकोन लाल झाला आणि त्यात त्याचं नाव बसलं. पुढचे तीन रविवार तो माणूस सुट्टी सोडून त्या सांध्याखाली पाठीवर झोपला होता. नवा सांधा मागितला की भाऊ म्हणायचा, बघू. आणि दर सोमवारी चौदा माणसांसमोर भावाचा प्रश्न ठरलेला, "काय रे, तुझ्या धोक्याचं काय झालं?" तुझ्या! जणू नळ त्याने घरून आणून बसवला होता.

तेवढ्यावर सगळे शहाणे झाले. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? त्यानंतरच्या मीटिंगला ड्रायव्हरने हात वर केला आणि भूकंपाचा धोका मांडला. पोपट खूश झाला. भूकंपाचा धनी ड्रायव्हर! उपाय म्हणून गाडीत एक टॉर्च ठेवायचं ठरलं आणि भूकंप हिरवा झाला. इस्त्रीवाले काका म्हणाले, पुढेमागे लोक कागदाच्या चादरी वापरू लागतील. उपाय, लक्ष ठेवणे. हिरवा. मी काय सांगितलं? मी सांगितलं की नदीला पूर येईल. आमच्यापासून नदी दोन तासांवर आहे. पोपटाने माझंही नाव लिहिलं आणि मला शाबासकी दिली, आणि ती मी घेतली.

इंजेक्शनची पहिली सुई मला हॉस्पिटलचे कपडे यायला लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात सापडली. चादरीच्या कोपऱ्यात अडकलेली, टोपण नसलेली, आत तपकिरी थेंब सुकलेला. वॉर्डात कुणीतरी घाईत चादरीसकट गुंडाळून टाकलेली असणार. काय करायला हवं ते मला तिथल्या तिथे कळलं, आणि म्हणूनच मला माझी जास्त घाण वाटते. निवडीच्या टेबलाला जाळी हवी, कोपरापर्यंत जाड हातमोजे हवेत, आणि हॉस्पिटलला ठणकावून सांगायला हवं की चादर झटकल्याशिवाय पिशवीत भरू नका. तीन गोष्टी. पाचवीतल्या पोरालाही सुचतील अशा.

पण ते सांगितलं असतं तर चौकोन लाल झाला असता आणि त्यात माझं नाव आलं असतं. हॉस्पिटलशी भांडण मी करायचं, जाळी मी मागायची, भाऊ म्हणणार बघू, आणि दर सोमवारी, "ताई, तुझ्या सुयांचं काय झालं?" मी ती सुई कागदात गुंडाळली. माझ्या खणात कॉफीची रिकामी बरणी होती, तिच्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं. दुसरी सापडली, तीही टाकली. मी स्वतःला सांगितलं की मी पुरावा जमवतेय, भरपूर जमला की एकदम पुढे ठेवीन. माणूस स्वतःशी किती सफाईने खोटं बोलतो! दर आठवड्याला बरणी थोडी जड व्हायची आणि सोमवारी तक्ता थोडा जास्त हिरवा असायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मला माहीत होतं.

त्याच सुमारास माझी भाचेसून कामावर परत आली. ही माझ्या थोरल्या बहिणीची सून. बाळंतपणाआधी ती घड्यांवर होती. आता बाळ सहा महिन्यांचं झालं होतं, आणि दिवसभर उभं राहिलं की तिची कंबर भरून यायची. निवडीच्या टेबलापाशी खुर्ची असते. म्हणून मी तिला तिथे बसवलं. होय, मी, माझ्या हाताने, मायेने. "बसून काम आहे, तुला बरं पडेल," असं म्हणाले. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही होतात म्हणून हो, नाहीतर कोण एवढा विचार करतं!"

दुपारी माझी बहीण बाळाला घेऊन यायची. धुतलेल्या चादरींच्या कोठीत, ढिगाला टेकून, भाचेसून त्याला पाजायची. बाळ पाजताना एका हाताने तिच्या कानाची पाळी घट्ट धरून ठेवायचं, जणू आई पळूनच जाणार आहे. बहीण म्हणायची, "हा बापावर गेलाय, तोही मला असाच धरून ठेवायचा." आम्ही हसायचो. खणात बरणी होतीच.

तिला मी अगदीच काही सांगितलं नाही असं नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, "चादर आधी झटकून घेत जा, आत हात घालू नकोस." का, ते सांगितलं नाही. का सांगितलं असतं तर ती कुठेतरी बोलली असती, आणि ती बोलली असती तर विचारणा माझ्याकडे आली असती. अर्धं सांगितलं की आपल्याला रात्री झोप लागते. समोरच्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो.

हॉस्पिटलचं काम सुरू होऊन चार महिने झाले. आमच्याकडे तोवर करारावाचून कपडे पाठवणाऱ्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलचा खरेदी अधिकारी एका सोमवारी तीन वाजता तक्ता बघायला येणार होता, आणि आवडलं तर तीन वर्षांसाठी सही करणार होता. भावाने सकाळपासून फरशी दोनदा पुसून घेतली. पोपटाने तक्त्याची धूळ रुमालाने झटकली. एकही लाल चौकोन नव्हता. बॉयलरवाल्याचा सांधासुद्धा हिरवा होता, कारण त्याने तो तारेने आवळून वरून रंग लावला होता.

दहा वाजता निवडीच्या टेबलावरून किंकाळी आली.

मी पोचले तेव्हा भाचेसून उभी होती आणि स्वतःच्या हाताकडे बघत होती. उशीच्या अभ्र्यात सुई होती. अभ्रा झटकला तरी त्याच्या शिवणीत अडकलेली सुई पडत नाही, हे मला माहीत होतं. बरणीतल्या निम्म्या सुया अभ्र्यांतल्याच होत्या. अंगठ्याच्या बुडाशी रक्ताचा एवढासा ठिपका होता. मी तिला नळाखाली नेलं, साबण लावून हात धूत राहिले, धूतच राहिले. भाऊ वरून खाली आला. त्याने काय विचारलं? "अगं, एवढ्याने ओरडतात का? लोक यायचेत आता."

ड्रायव्हर तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. ती साडेबाराला परतली. रक्त तपासायला घेतलं होतं. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. पुन्हा तपासणी सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. आणि डॉक्टर सांगेपर्यंत बाळाला अंगावर पाजायचं नाही.

बहीण बाळाला घेऊन कोठीत येऊन बसलेली होती. बाळाने आईला पाहिलं आणि हात पसरले. भाचेसून दारातच थांबली. बहिणीने बाटली पुढे केली तर त्याने ती ढकलून दिली आणि टाहो फोडला. भाचेसुनेच्या पोलक्यावर दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. ती हाताची घडी घालून ते झाकत उभी राहिली, बाळापासून चार पावलांवर. इतकी वर्षं डाग बघणाऱ्या मला ते दोन डाग बघवले नाहीत. मी यंत्राकडे निघून गेले.

अडीच वाजता भावाने सगळ्यांना घड्यांच्या खोलीत बोलावलं. अधिकारी यायच्या आत ही गोष्ट तक्त्यावर घ्यायला हवी, असं पोपटाचं म्हणणं पडलं. उद्या कुठून कळलं तर, तक्ता बघा, आम्ही नोंद केलीय, असं दाखवता यावं. वरातीमागून घोडं, पण घोडं दिसायला तर हवं! त्याने नवा चौकोन आखला आणि वर लिहिलं, सुई.

"धनी कोण?" त्याने विचारलं.

चौदा माणसं फरशीकडे बघत होती. फरशी दोनदा पुसलेली असल्यामुळे बघण्यासारखीही होती.

"तसं पाहिलं तर तिनेच मांडला ना," भाऊ म्हणाला. "पहिल्यांदा तीच ओरडली."

पोपटाने मान डोलावली आणि चौकोनात माझ्या भाचेसुनेचं नाव लिहिलं. अक्षर सुंदर होतं. मग पेनांच्या डबीत बोटं फिरवत तो म्हणाला, "लाल नको. चार महिन्यांत पहिलीच सुई आहे. म्हणजे शक्यता कमी. पिवळा पुरे. हातमोजे दिले की हिरवा."

पहिलीच सुई! मी खोलीबाहेर गेले, खण उघडला, बरणी आणली आणि घड्यांच्या पांढऱ्या टेबलावर पालथी केली. सुया घरंगळत गेल्या. एक टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली.

"एक्केचाळीस आहेत," मी म्हणाले. "लाल पेन घ्या."

भाऊ पांढराफटक पडला. "ताई, हे काय आहे? तू कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर माझं नाव लागलं असतं."

मला वाटलं होतं, आता सगळे माझ्यावर तुटून पडतील. माझी तयारी होती, थोडी आसही होती. पण इस्त्रीवाले काका उठले, त्यांच्या टेबलाखालून पत्र्याची डबी घेऊन आले आणि सुयांच्या शेजारी ठेवली. आत नऊ होत्या. इस्त्रीखाली आलेल्या, म्हणजे धुऊन, सुकवूनही चादरीत राहिलेल्या. ड्रायव्हर गाडीकडे गेला आणि टॉर्च घेऊन आला. भूकंपासाठी ठेवलेल्या त्या टॉर्चमध्ये सेलच्या जागी सहा सुया होत्या. पिशव्या उचलताना त्याच्या पँटला टोचलेल्या. बॉयलरवाल्याने खिशातून कागदाची पुडी काढली. कुणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. हे मी कधी विसरणार नाही. चार महिने आम्ही एका छपराखाली जेवत होतो, एकमेकांना डबा पुढे करत होतो, आणि प्रत्येकाकडे एक डबी होती.

पोपट टेबलापासून मागे सरकला. हात मागे बांधून, काही लागू नये अशा बेताने. "पण मग," तो म्हणाला, आणि त्याला खरंच प्रश्न पडला होता, "ह्या सगळ्या कुणाच्या नावावर घालायच्या?"

मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. भाचेसुनेच्या नावावर काट मारली आणि माझं नाव लिहिलं. मला क्षणभर बरं वाटलं, हेही सांगून टाकते. वाटलं, चला, केलं एकदाचं. आपण मोठं काही केलंय असं वाटण्यात आमचं सगळं घराणंच पुढे आहे.

"मावशी."

भाचेसून दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. पोलक्यावर तिने बहिणीची शाल घेतली होती. ती टेबलापाशी आली. सुयांना हात न लावता वाकून तिने त्या नीट पाहिल्या, एकेक ढीग वेगळा, जशी रोज अभ्रे आणि टॉवेल निवडायची तशी.

"झटकून घे म्हणालात, ते ह्याच्यासाठी?"

"हो," मी म्हणाले.

"पहिली कधी सापडली तुम्हाला?"

मी महिना सांगितला, आठवडा सांगितला. सोडवणुकीला जागा नव्हती. ती मनात हिशेब करत होती, आणि तो लांबचा नव्हता.

"म्हणजे मला तिथं बसवलंत, त्याच्या आधी."

खोलीत सुकवणीच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती आणि कोठीतून बाळाचं रडणं.

"हो," मी म्हणाले. "त्याच्या तीन आठवडे आधी."

तिने शाल सारखी केली आणि कोठीकडे गेली.

तीन वाजता खरेदी अधिकारी आला. भावाने त्याला पुढच्या दाराशीच थोपवून चहाला न्यायचं ठरवलं होतं, पण मी त्याला आत आणलं आणि टेबल दाखवलं. तो मग रुमालाने कपाळ पुसून म्हणाला, "आमच्याकडे हा धोका कुणी मांडलाच नव्हता हो." त्याने सही केली नाही. नंतर कळलं की त्यांच्याकडेही तसाच तक्ता आहे, भिंतभर, आणि तोही पोपटानेच लावलाय. त्यांच्या वॉर्डात जिच्या हातून सुया पडत होत्या तिलाही आपलं नाव भिंतीवर नको होतं, एवढंच.

आता जाळी आली आहे. हातमोजे कोपरापर्यंत आहेत. कुठल्याही हॉस्पिटलची पिशवी मी स्वतः उघडते, आणि एक जरी सुई निघाली तरी अख्खी गाडी परत पाठवते. आमचा तक्ता मी उतरवला. मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर कुणीही काहीही लिहावं, नाव घालू नये. उपाय मी आणि भाऊ मिळून करायचा, असं ठरलंय. परवा कुणीतरी लिहिलं, संडासाची कडी तुटलीय. भाऊ मला म्हणाला, "ताई, निदान कुणी लिहिलं ते तरी कळायला हवं." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. संध्याकाळपर्यंत नवी कडी लागली.

भाचेसुनेच्या दोन तपासण्या झाल्या, दोन्ही निर्मळ निघाल्या. तिसरी पुढच्या महिन्यात आहे. गोळ्यांनी तिला मळमळायचं, केस गळले. ती पुन्हा घड्यांवर उभी राहते, खुर्ची नको म्हणाली. बाळ बाटलीला सरावलंय. बाटली पितानाही त्याचा एक हात हवेत चाचपडतो, कान शोधत. माझी बहीण आपला कान पुढे करते, पण त्याला तो चालत नाही.

मी रोज तिच्या टेबलापाशी थांबते आणि काहीतरी विचारते. कंबर कशी आहे, बाळ झोपतं का, पंखा लावू का. ती घडी मोडत नाही, मान वर करून नीट उत्तर देते. उद्धटपणा नाही, अबोला नाही.

फक्त बाकीचे सगळे मला जे म्हणतात, तेच आता तीही म्हणते.

"नको, मॅडम," ती म्हणते. "ठीक आहे, मॅडम."